वस्तऱ्याचा डावा पाय

“यंदा संघात मी असणार म्हणजे असणार, लिहून ठेवा,” वस्तरा म्हणाला. समोरच्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर नाकापर्यंत साबणाचा फेस होता, त्यामुळे त्याला विरोध करता आला नाही.

वस्तरा हे त्याचं सायकल क्लबातलं नाव. दिवसभर सलून, पहाटे सायकल. क्लबाचा चौघांचा संघ दर वर्षी शर्यतीला जायचा आणि गेली तीन वर्षं वस्तरा नेमका पाचवा यायचा. निवड करायचे हेडमास्तर. ते खरोखरच निवृत्त मुख्याध्यापक होते आणि वशिला, कळकळ, डोळ्यांतलं पाणी यांपैकी कशालाही बधत नसत. सायकल एका जागी ठोकून उभी करायची, वीस मिनिटं जीव तोडून मारायची आणि पायांचा जोर सरासरी किती वॅट भरतो तो आकडा त्यांना सांगायचा. वरचे चार संघात. वस्तऱ्याचे गेल्या खेपेला दोनशे एकवीस भरले होते. संघात शिरायला दोनशे चाळीस तरी हवे होते. चाळिशी ओलांडलेल्या माणसाने एकोणीस वॅट आणायचे कुठून, या चिंतेने त्याची झोप उडाली होती.

ते कुठून आणायचे हे त्याला सायकल दुरुस्तीवाल्याच्या दुकानात कळलं. वस्तऱ्याचं वॅट मोजायचं यंत्र होतं स्वस्तातलं. पेडल ज्या दांड्याला लागतं, त्या डाव्या दांड्यावर बोटभर डबी, बस्स. उजव्या बाजूला डबी का नाही, असं त्याने सहज विचारलं. दुरुस्तीवाला हात पुसत म्हणाला, की ही डबी डाव्या पायाचाच जोर मोजते आणि त्याची दुप्पट करून दाखवते. माणसाचे दोन्ही पाय साधारण सारखेच असतात, असं धरून चालते बिचारी.

वस्तरा घरी आला तो हवेत तरंगतच. म्हणजे उजव्या पायावर आजवर जी मेहनत घेतली ती सगळी पाण्यात! तो पाय मोजलाच जात नव्हता. फुकट्याला पोसायचं कशाला?

त्या दिवसापासून डाव्या पायाचे लाड सुरू झाले. जिना चढताना डावा पाय पायरी चढायचा आणि उजवा मागून पाहुण्यासारखा यायचा. दात घासणं डाव्या पायावर. फोनवर बोलणं डाव्या पायावर. सायकलवर तर उजवा पाय नुसता पेडलवर ठेवलेला असायचा. सलूनमध्येही वस्तरा दिवसभर एका पायावर बगळ्यासारखा उभा राहून कात्री चालवू लागला. त्यामुळे तो स्वतः डावीकडे कलायचा आणि गिऱ्हाइकांचे कल्लेही कलायचे. एका शिक्षकाने घरी जाऊन आरशात पाहिलं आणि परत येऊन दुसरा कल्ला मागितला. तो लावून देण्याची सोय सलूनमध्ये नव्हती.

आकडा मात्र चढत होता. दोनशे एकोणतीस, दोनशे अडतीस आणि सहाव्या आठवड्यात दोनशे सेहेचाळीस. वस्तऱ्याला मुठी आवळून नाचावंसं वाटलं. तो नाचलाही, डाव्या पायावर.

दाराआडून बायको ते बघत होती. ती पोस्टात खिडकीवर बसायची. दिवसभर माणसं वाचून वाचून तिला एक कळलं होतं, की जो माणूस काही बोलत नाही त्याचंच काहीतरी बिनसलेलं असतं. नवरा उजवा पाय टेकत नाही, विचारलं तर हसून उडवून लावतो. म्हणजे पाय कामातून चाललाय आणि शर्यतीच्या वेडापायी लपवतोय. तिने न बोलता घरातली जड कामं स्वतःकडे घेतली. झोपेत त्याच्या पायाखाली उशी सरकवू लागली. सलूनमध्ये जाऊन गिऱ्हाइकांना हळूच सांगून आली, की कल्ल्यांचं मनावर घेऊ नका, त्यांच्या पायाचं जरा नाजूक आहे. दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकं वस्तऱ्याला बसायला खुर्ची देऊ लागली. आपला दरारा वाढला, असं वस्तऱ्याला वाटलं.

निवडीच्या सकाळी बायको म्हणाली, मीही येते. हेडमास्तरांच्या ओसरीत सायकल मांडलेली होती. हेडमास्तरांनी यंदा एक सुधारणा केली होती. सगळ्यांची चाचणी एकाच सायकलवर, हेडमास्तरांनी आणलेल्या, जोर मोजणाऱ्या नव्या पेडलांवर. डाव्याचा आकडा वेगळा, उजव्याचा वेगळा. वस्तऱ्याला आता माघार घ्यायला तोंड नव्हतं. वीस मिनिटं तो अक्षरशः घामाने निथळला.

सायकलवरच्या छोट्या पडद्यावर आलं: डावा एकशे तेवीस, उजवा ऐंशी.

बायको पुढे झाली आणि हुंदका आवरत म्हणाली, “मला माहीत होतं. अहो, किती दिवस लपवणार होता? उद्या साडेदहाची हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय मी.”

हेडमास्तरांचा कधी न बधणारा चेहरा बधला. त्यांनी वस्तऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. एवढा दुखरा पाय घेऊन तू सायकलवर बसलास, हेच फार झालं, असं काहीसं ते पुटपुटले. वस्तऱ्याला क्षणभर फार बरं वाटलं. नुसती मान हलवली असती तरी इज्जत राहिली असती. पण बायकोच्या डोळ्यांतलं पाणी त्याला बघवेना. गेले सहा आठवडे ही बाई एकटी घाबरत होती आणि आपण वॅट मोजत होतो, या विचाराने त्याची त्यालाच लाज वाटली.

“पाय ठणठणीत आहे गं,” तो म्हणाला, आणि डबीपासून कल्ल्यांपर्यंत सगळं सांगून टाकलं.

बायको आधी रडता रडता थांबली, मग हसायला लागली आणि हसता हसता पायरीवर बसली. हेडमास्तरांनी चष्मा पुसला आणि तोंडातल्या तोंडात बेरीज केली.

“गेल्या खेपेला दोनशे एकवीस होतास ना?”

“हो.”

“आज दोनशे तीन आहेस. पस्तीस वर्षं शिकवलं मी, पण एवढा अभ्यास करून मागे गेलेला विद्यार्थी पहिल्यांदाच बघतोय.”

बायको डोळे पुसत म्हणाली, की मग डॉक्टरांची वेळ रद्द करते.

“नको वहिनी,” हेडमास्तर म्हणाले, “फक्त हाडांऐवजी डोक्याचे डॉक्टर मिळतात का बघा.”

चौथी जागा औषधाच्या दुकानवाल्याला मिळाली. दोनशे बेचाळीस वॅट, दोन्ही पायांचे मिळून.