सातव्या पानाचा शिक्का

शिक्का मारावा तर आम्हीच! आवक-जावक विभागात चौतीस वर्षं काढली. एक शिक्का तिरका नाही, एक पुसट नाही, आणि मागची तारीख तर कधीच टाकली नाही, साहेबांनी बाबापुता केलं तरी नाही. तेव्हा एका शिक्क्यासाठी डोंगर चढून येणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मी मेहुणीला छातीठोकपणे सांगितलं.

त्या डोंगरावर सात बुद्धविहार आहेत. पायथ्याशी सात पानांची वही मिळते. ज्या विहाराचं जे पान, त्यावर तिथला तांबडा शिक्का. बावीस वर्षांपूर्वी मी आणि बायको गेलो होतो. एका दिवसात सहा विहार झाले, प्रत्येक शिक्क्याखाली मी तारीख टाकली. सातवा अगदी माथ्यावर, आणि तोवर अंधारून आलेलं.

"अहो, एक दिवस रजा वाढवा ना," बायको म्हणाली, "एवढ्यासाठी कशाला मागे ठेवायचं?"

"उद्या टपाल तुंबेल. पुढच्या वर्षी नक्की."

पुढची वर्षं बरीच आली, टपाल मात्र तुंबायचं राहिलं नाही. निवृत्त झालो तेव्हा माझी दोनशे चाळीस दिवसांची रजा शिल्लक होती. चार महिन्यांनी बायको गेली. तिच्या कपाटात कपड्यांच्या घड्यांखाली ती वही सापडली, सातवं पान कोरं. ते कोरं पान मला रोज दिसायला लागलं, डोळे मिटले तरी.

म्हणून निघालो. सोबत मेहुणी, कारण ताईच्या वहीबाबत तिचा माझ्यावर काडीचा विश्वास नव्हता. वही तिच्याच पिशवीत.

दुपारी दोनला सहाव्या विहाराशी टेकलो. आतले भंते ध्यानाला बसलेले आणि टेबलावर पाटी: 'शिक्का आपापला मारावा.' लोक मारत होते, पण कसा! एकाचा पालथा, एकाचा अर्धा पानावर अर्धा टेबलावर. माझ्याच्याने बघवेना. एका आजींना म्हटलं, "द्या इकडे." त्यांचा मारला. मागच्याने वही पुढे केली. मग खुर्चीत बसलो. पाच मिनिटांत रांग दारापर्यंत गेली आणि मी "पुढचे! पुढचे!" करायला लागलो. किती दिवसांनी हाताला काम मिळालं होतं.

आता आमच्या खात्याचा एक नियम सांगतो: मान वर करायची नाही. कागदाकडे बघायचं, माणसाकडे नाही. त्यामुळेच तर हात चालतो.

तेवढ्यात मेहुणी रांग मोडून आली आणि वही उघडून माझ्यापुढे ठेवत म्हणाली, "भावोजी, हे पान राहिलंय, वरचा विहार चारला बंद होतो, उठा आता—"

ठप्प.

सरळ, ठसठशीत, बरोबर मधोमध. सातव्या विहाराच्या पानावर सहाव्याचा शिक्का!

मेहुणीने वही मिटली आणि पिशवीत टाकली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

तसेच वर चढलो. वाटेत मी चारदा म्हणालो, "काहीतरी तोड निघेल," आणि ती चारदा म्हणाली, "चला." माथ्यावर पोचलो तेव्हा भंते दार लोटत होते. त्यांनी वही पाहिली.

"हे पान तर भरलंय. एका पानावर दोन शिक्के मारत नाही. नवी वही पायथ्याशी मिळते."

हेच मी चौतीस वर्षं खिडकीतून लोकांना सांगत आलो होतो. नमुन्यात नाही, परत घेऊन या. त्यांना कसं वाटत असेल ते त्या दिवशी कळलं. मी म्हणालो, "भंते, नवी वही घेऊन काय करू? ही तिची आहे."  पुढचं सगळं मेहुणीनेच सांगितलं, माझ्या रजेसकट.

भंतेंनी शिक्का शाईत बुडवला. "वहीत नाही मारता येत. हात पुढे करा." आणि माझ्या तळहातावर मारला.

उतरताना त्याच हाताने वही छातीशी धरली. मेहुणी म्हणाली, "द्या, मी घेते." मी नाही दिली. बसमध्ये बसल्यावर हात काढला तर तळहात घामाने भिजलेला, आणि वहीच्या मागच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर सातवा शिक्का उमटलेला. पुसट, तिरका आणि आरशात बघितल्यासारखा उलटा. माझ्या हातून इतकं वाईट काम कधी झालं नव्हतं.

मेहुणीने पुठ्ठा खिडकीच्या उजेडाकडे वळवून बघितला. मग म्हणाली, "ताईला चालेल."

मी खिशातलं पेन काढलं आणि सवयीने खाली तारीख टाकली. बावीस वर्षांपूर्वीची.

नोकरीत असतो तर निलंबित झालो असतो.