एक गळती, पाच प्लंबर

सकाळी दार उघडलं तर जिन्यात पाच प्लंबर उभे. गळत होता एकच पाइप. तो कोणी दुरुस्त करायचा यावरून त्यांची चांगलीच जुंपली होती आणि पाणी मात्र निवांत पायऱ्या उतरत होतं.

जावयाने कपाळावर हात मारला. इमारतीच्या ग्रुपवरच्या तक्रारी वाचून काय झालं, कुठे, केव्हा हे वेचून काढायचं आणि कारागिराला परस्पर निरोप धाडायचा, असा प्रोग्राम त्याने बनवला होता. तोही सासऱ्यांच्या सांगण्यावरून. सासरे इमारतीचे चेअरमन. लग्न होऊन दोन वर्षं झाली तरी "जेवलात का?" यापलीकडे त्यांनी जावयाशी शब्द काढला नव्हता. पहिल्यांदाच काही मागितलं, म्हणून बिचाऱ्याने जीव ओतला होता.

"जावईबापू, हे काय?" सासरे दाढीचा फेस तसाच ठेवून बाहेर आले.

"पाच जणांनी लिहिलं, बाबा. कोणी म्हणालं पाइप फुटला, कोणी म्हणालं भिंत ओली, कोणी म्हणालं जिन्यात तळं झालंय. प्रोग्रामला वाटलं, पाच वेगळ्या घटना."

"अहो, एवढं तर कुणालाही कळतं!"

"माणसाला कळतं. त्याला शिकवावं लागतं."

"मग शिकवा. संध्याकाळी मीटिंग आहे. तिथे माझं नाक कापू नका."

जावई दिवसभर मान मोडून बसला. जागा तीच, दिवस तोच, भानगड तीच, तर घटना एकच. कोण सांगतंय ते बघायचंच नाही, असं त्याने प्रोग्रामला बजावलं. सकाळचे पाच निरोप पुन्हा वाचायला दिले. प्लंबर एकच निघाला, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी दोघे ऐटीत मीटिंगला निघाले. डावी लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध थांबली ती थांबलीच. घंटाही वाजेना.

"घाबरू नका, बाबा. आत्ता बघा गंमत." जावयाने ग्रुपवर लिहिलं, 'लिफ्ट अडकली.' क्षणात प्रोग्रामचं उत्तर आलं. सासऱ्यांनी चष्मा सावरून मोठ्याने वाचलं, "'ही घटना दुपारीच नोंदली आहे. अडकलेल्या बाईंची सुखरूप सुटका झाली आहे. धन्यवाद.' कुठल्या बाई?"

"वरच्या मजल्यावरच्या मावशी," जावयाचा आवाज खोल गेला. "दुपारी उजव्या लिफ्टमध्ये अडकल्या होत्या."

"म्हणजे आपण सुटलो?"

"त्याच्या मते, हो."

"मेकॅनिकचा नंबर?"

"त्याच्याकडेच आहे."

सासऱ्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, "सकाळी निदान पाच जण आले तरी होते."

आणि ते हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, भिंतीला टेकून खाली बसले आणि शेजारची फरशी थोपटली. "बसा. आता पहिल्यापासून सांगा, हा वेचतो तरी कसा सगळं?"

जावई बसला. जरा अडखळतच सांगू लागला. सासरे मध्येमध्ये शंका काढत होते, आणि त्या चांगल्या होत्या. त्याला फार बरं वाटलं.

तेवढ्यात सासऱ्यांचा फोन वाजला. लेक होती. "बाबा, खाली सगळे खोळंबलेत! तुम्ही दोघं आहात कुठे?"

"कामात आहोत," म्हणून सासऱ्यांनी फोन ठेवला आणि जावयाकडे वळले. "हं, मग?"