हळूबाईंची थरथर

तळघरातल्या त्या खोलीच्या दारावर पाटी होती: ‘चालू नका, बोलू नका, शक्यतो येऊच नका.’ तीन वर्षांत लोकांनी ती इतकी मनावर घेतली, की दिवसचे दिवस कुणी फिरकत नसे. पाटी लावणाऱ्या संशोधक बाईंना सगळी इमारत हळूबाई म्हणे.

काम नाजूकच. मसुरीएवढा जेलचा थेंब, त्यात रेणूंचे धागे एकमेकांना गाठी मारून बसलेले. सूक्ष्मदर्शकाची डोळ्यांना न दिसणारी सुई त्यावर जागोजागी टेकवायची आणि गाठ कुठं घट्ट, वीण कुठं सैल, याचा नकाशा काढायचा. आज पाचपर्यंत नकाशा गेला नाही तर उद्यापासून यंत्र दुसऱ्या विभागाला, असं विभागप्रमुख सरांनी बजावलं होतं.

आणि आजच पडद्यावर सुईचा आलेख थरथरत होता.

हळूबाईंनी पंखा बंद केला. पाण्याचा पंप थांबवला. वरच्या टायपिस्टला हात जोडले. शेवटी लिफ्टवाल्या काकांना गाठलं. लिफ्ट थांबवतो, पण मग साहेब मंडळी जिना दणाणून सोडतील, असं काका म्हणाले. म्हणून साहेब मंडळींनाही होती त्या पायरीवर बसवण्यात आलं. चार वाजता इमारत अशी चिडीचूप झाली, की माशीसुद्धा भिंतीवर बसून राहिली.

थरथर तशीच. मंद, एकसारखी, न थकणारी.

रडवेल्या होऊन त्यांनी सरांना फोन लावला. सरांनी आलेखातले ठोके मोजायला सांगितले. मिनिटाला अठ्ठ्याऐंशी भरले.

“बाई, तुम्ही बसलात कुठं?”

“यंत्रापाशीच. दुसरं कोण आहे त्याला?”

“आणि कोपर?”

कोपर यंत्राच्या टेबलावर होतं. एरवी त्या दूरच्या खुर्चीत बसत, आज काळजीनं यंत्राला बिलगून बसल्या होत्या. कोपर उचललं, रेघ निवळली. टेकवलं, रेघ धडधडली. गावाला वळसा घालून झाला होता, कळसा काखेतच होता. आपलं काळीज इतकं बोलतं, हे हळूबाईंना ठाऊक नव्हतं. ऐकायला कुणी नव्हतंच.

“निघा बाहेर,” सर म्हणाले. “त्याचं ते करील.”

सुई चालू ठेवून, दार ओढून त्या चवड्यांवर जिन्यात आल्या. पायरी-पायरीवर माणसं मुकाट बसलेली.

“सापडला का हलवणारा?” काका कुजबुजले.

“सापडला.”

“हाकललात ना बाहेर?”

हळूबाईंनी छातीवर हात ठेवला. काकांनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं आणि सरकून पायरीवर जागा केली.