चार बोटं आखूड

मन्मथप्पा गाडी चालवतात तेव्हा त्यांच्या गळ्यात इंचपट्टी असते. स्पीडब्रेकर आला की गाडी थांबते, आप्पा खाली उतरतात, उकिडवे बसून त्याची उंची मोजतात आणि मागच्या सीटकडे बघून निकाल देतात, "उतरा." मग आपण उतरायचं, स्पीडब्रेकर पायी ओलांडायचा आणि पलीकडे जाऊन पुन्हा बसायचं.

नांदेडात आमच्या समोरच्या घरात आप्पा एकटे राहतात. उभा जन्म टेलरिंग केलं. काकू गेल्या, दुकान मिटलं, पण हात काही मिटला नाही. जगातली कुठलीही अडचण कापून नाहीतर टाका घालून सुटते, असा त्यांचा विश्वास. "फिकीर न्हाई, आल्टर करू!" शेजारच्या जावयाचा विषय निघाला तरी हेच.

एकदा ते विष्णुपुरीला इंजिनिअरिंग कॉलेजच्या बाजूनं चक्कर मारून आले, ते पेटूनच. "सर, एक गाडी बघितली. जमिनीला अशी चिकटून चालली व्हती! आपली बी चार बोटं आखूड करायची."

आपली म्हणजे लाल, म्हातारी, सेकंड हँड. स्पेअर पार्टच्या दुकानदारानं चाकांवरच्या आखूड स्प्रिंगांचा भाव सांगितला, तेव्हा आप्पांनी अदबीनं विचारलं, "ह्यात गाडी बी येती का?" आणि बाहेर पडले. ठरलं, आहेत त्याच स्प्रिंगा कापायच्या.

इथे मी शिरलो. मी शाळेत विज्ञान शिकवतो. "सर, तुम्ही विज्ञानाचे," एवढं कुणी म्हटलं की मी कुठंही शिरतो. मोबाईलवर अर्धा व्हिडिओ बघितला, उरलेला अर्धा उद्यावर ठेवला. वेल्डिंगवाल्यापुढं आप्पांच्याच खडूनं स्प्रिंगांवर खुणा केल्या आणि ऐटीत म्हणालो, "कापा." ग्राइंडर फिरला, ठिणग्या उडाल्या, गाडी मोजून चार बोटं खाली बसली. मी टाळ्याही वाजवल्या.

एकच राहिलं. माप घेताना गाडीत कुणी बसलेलं नव्हतं. वजन पडलं की स्प्रिंग दबते, हे मी सातवीला दरवर्षी शिकवतो.

तेव्हापासून आप्पा एकटे असले की गाडी सुतासारखी सरळ जाते. माणसं बसली की तिचं पोट घासतं. तरी रोज सकाळी फाटकात उभं राहून आप्पांची हाक ठरलेली, "चला, सोडतो की!" गल्ली पांगते. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकतो. माझ्या पायात चप्पल असते.

अशात आमच्या मुक्ताच्या मेडिकल प्रवेश परीक्षेचं केंद्र लातूरला आलं. आप्पांनी मला फाटकातच गाठलं. "लेकराचा पेपर हाय, अन् एसटीत उभं ऱ्हाऊन जाता व्हय? म्या कशाला हाय मग?"

कापाकापीचं पाप मनात होतं. तोंडातून "बरं" निघून गेलं.

"दोन वर्षं पोरगी रात्रंदिवस अभ्यास करून राहिली," बायको म्हणाली, "अन् तुम्ही तिला स्पीडब्रेकरवर उतरवा. विज्ञानाचे मास्तर म्हणे!"

केंद्राचं फाटक दीडला बंद होणार होतं. आठला निघालो. लोहा येईपर्यंत नऊ वेळा उतरलो. अहमदपूरला मी मोजणं सोडलं. बायकोनं मोजणं आणि बोलणं दोन्ही चालू ठेवलं. हॉलतिकीट मुक्ताच्या मुठीत ओलं झालं होतं, आणि ती रस्त्याकडे नाही, माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होती. मी हात खिशात घातला.

चाकूरला पावणेएक झाले. पुढं ओळीनं तीन स्पीडब्रेकर. गाडी थांबली, आम्ही दारांना हात घातले.

आप्पांनी आरशात मुक्ताकडे बघितलं. गळ्यातली इंचपट्टी काढून समोर टाकली.

"बसून ऱ्हावा."

"आप्पा, गाडीचं काय..."

"मरू द्या गाडी."

खर्रर्र. खर्रर्र. तिसऱ्याला खालून काहीतरी निखळून रस्त्यावर खणखणलं. मी मागं वळून बघितलं, आप्पांनी नाही.

एक वाजून सत्तावीस मिनिटांनी मुक्ता फाटकातून आत पळाली. मी लिंबाच्या झाडाखाली बसकण मारली. बायको फाटकाचे गज धरून तिथंच उभी राहिली. आप्पा गाडीखाली शिरून लोंबत्या सायलेन्सरला तारेचा कच्चा टाका घालून आले.

"आप्पा, चूक माझी," मी म्हणालो. "रिकामी गाडी मोजायला नको होती. नव्या स्प्रिंगा माझ्याकडून."

"सर, म्या टेलर हाय," आप्पा म्हणाले. "माणूस आत उभा केल्याबिगर पँटची लांबी कापली न्हाई कधी. रिकामी मोजून राहिलो, हे मला मालूम नव्हतं व्हय?"

"मग?"

"ती विष्णुपुरीची गाडी. जवळ जाऊन बघितलं, तर कापलेली नव्हतीच. आत सात पोरं कोंबलेली. गाणी काय, दंगा काय! माणसांच्या वजनानं खाली बसली व्हती ती." गाडीतून काढलेली इंचपट्टी ते बोटाला गुंडाळत राहिले. "आपल्या गाडीला एवढी माणसं कुठनं आणायची? म्हणलं, कापू. रिकामी उभी असली, तरी भरल्यावानी दिसंल."

मी उठलो आणि रिकाम्या गाडीत जाऊन बसलो.

परतताना लातूरच्या बाहेर पहिला स्पीडब्रेकर आला. पेपर बरा गेल्यानं मुक्ता बडबडत होती. आप्पांनी गाडी थांबवली, इंचपट्टी उचलली. बायकोनं सवयीनं दार उघडलं.

"लाव ते," मी म्हणालो. "आप्पा, आज पाय लई दुखून राहिले. कुणी उतरत न्हाई."

आप्पांनी एकदा मागं बघितलं आणि हळूच गिअर टाकला.

खर्रर्र.

आप्पा मान तिरकी करून ऐकत होते, शिलाई मशीन नीट चाललंय का ऐकावं तसं.