मोठ्या पातेल्यातली चिनी पेज

पेजेला पेज म्हणायचं नाही, एवढाच निर्णय मी त्या दिवशी सकाळी घेतला होता. त्यापायी दुपारच्या आत माझी बायको मयत ठरेल, अशी मला कल्पना नव्हती.

मंदाकिनीचा टायफॉइड उतरला होता, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला होता. पेज पुढे केली की ती भिंतीकडे तोंड करायची. भाताची पेज झाली, नाचणीची झाली, मुगाचं पाणी झालं, भिंत तीच. हात उचलला की तिच्या बांगड्या थेट कोपरापर्यंत घसरायच्या. तो आवाज आला की मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचो. (वाचत नव्हतो.)

आदल्या संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "काका, उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर पुन्हा दाखल करायचं. हवे मारे कंई सांभळवुं नथी. आता मी काही ऐकणार नाही."

ते गेल्यावर मंदा भिंतीशीच बोलल्यासारखी म्हणाली, "आता तिथे गेले तर परत यायची नाही."

माझी उभी नोकरी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात गेली. तिथे मी एकच तत्त्व शिकलो. खोक्यात काय आहे याला किंमत नसते, खोक्यावर काय लिहिलं आहे याला असते. निवृत्तीनंतर लायब्ररीत बसून जी प्रवासवर्णनं वाचली, त्यांतल्या एकात चीनची हकीकत होती. चिनी माणूस म्हणे रोज सकाळी भाताची खारी पेज खातो. आजारी नसताना, स्वखुशीने. तिला तिकडे 'जोउ' म्हणतात. वर आलं, कांद्याची पात, सोया सॉस आणि तळलेल्या पिठाच्या लांब पट्ट्या. (तळलेल्या पिठाच्या लांब पट्ट्यांसाठी बडोद्याच्या माणसाला चीनला जावं लागत नाही. मी कोपऱ्यावरून फाफडा आणला.) सोया सॉस चायनीजच्या लारीवाल्याने हातगाडीवरूनच बाटलीत ओतून दिला.

मंदाला पेज नको होती. मी तिला जोउ देणार होतो.

पुस्तकात लिहिलं होतं की तांदळाच्या दहापट पाणी घ्यावं आणि दाणा फुटून विरघळेपर्यंत मंद आचेवर शिजवावं. तांदूळ किती घ्यावेत हे लिहिलं नव्हतं. मंदा रोज ज्या भांड्याने तांदूळ घेते ते मी कोठीतून शोधून काढलं आणि शिगोशीग भरलं. (हे भांडं ती पाहुणे आले की वापरते, हे मला नंतर कळलं.) दहापट पाणी पातेल्यात मावेना. अर्धं दुसऱ्या पातेल्यात ओतलं. मग दोन्ही पातेली उतू जायला लागली. पातळ दिसलं म्हणून तांदूळ घातले, घट्ट झालं म्हणून पाणी घातलं, आणि थोड्या वेळाने घरात रिकामं भांडं म्हणून फक्त चहाची किटली उरली.

तेव्हा मला सोसायटीचं मोठं पातेलं आठवलं.

ते शेजारी उदयसिंहरावांच्या ताब्यात असतं. उदयसिंहरावांचे वडील राजवाड्यात होते. तिथलं सगळं गेलं, पण भारदस्तपणा ह्यांच्याकडे आला. सोसायटीत कोणी गेलं की पुढची सगळी व्यवस्था तेच पाहतात, आणि इतकी चोख पाहतात की काही म्हाताऱ्यांना त्याचा आधार वाटतो.

पात आणि आलं चिरून माझे डोळे लाल झाले होते. अंगात बनियन होतं. दार उघडल्यावर मी एवढंच म्हणालो, "मोठं पातेलं हवं होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या घराकडे पाहिलं.

"पाणी ठेवलंत?"

"केव्हाच. मावत नाही म्हणून तर आलो."

त्यांनी पातेलं स्वतः उचलून माझ्या दारापर्यंत आणून दिलं. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "गोविंदराव, तुम्ही काही बघू नका. आम्ही आहोत."

एका पुरुषाला स्वयंपाक करावा लागतो याचं दुसऱ्या पुरुषाला इतकं वाईट वाटावं, याने मला भरून आलं.

आता सोसायटीची रीत सांगायला हवी. सत्यनारायण असेल तर ते पातेलं आठवडाभर आधी सांगून न्यायचं असतं. आधी न सांगता, भल्या सकाळी, लाल डोळ्यांनी कोणी मागायला आलं तर ते एकाच पाण्यासाठी असतं, मयताच्या आंघोळीच्या. मी बडोद्याच्या कारेलीबागेत इतकी वर्षं राहतो. ही रीत मला माहीत होती. पण त्या वेळी माझं सगळं लक्ष चीनकडे होतं.

पातेल्यात पेज एकदाची मावली. मी आल्याचे काप तेलावर परतले, सोया सॉस सोडला, आणि चमचाभर चव घेण्यासाठी वळलो तर बाहेर चपलांचा आवाज. डाव हातात घेऊनच दिवाणखान्यात आलो.

पांढऱ्या साड्या आणि पांढरे सदरे भिंतीला टेकून बसले होते. उदयसिंहराव मधोमध, डोक्यावर पांढरी टोपी. समोरच्या कांचनबेन झाकलेलं तपेलं घेऊन उभ्या होत्या. आपल्याकडे अशा दिवशी चूल पेटत नाही, म्हणून खिचडी-कढी घेऊन आलेल्या.

उदयसिंहरावांनी हवा हुंगली. "गोविंदराव, तुम्ही आलं परतताय?"

"हो. मंदाला खायला घालायचं आहे."

कांचनबेनने पदर डोळ्यांना लावला आणि शेजारणीला म्हणाल्या, "बिचारा भाई. मगज पर असर थई गई."

तेवढ्यात आतल्या दाराशी बांगड्या वाजल्या. भिंत धरत धरत मंदा बाहेर आली होती. आजारपणात पहिल्यांदाच आपल्या पायांनी. तिने सगळ्यांकडे पाहिलं आणि दबक्या आवाजात विचारलं,

"कोण गेलं हो?"

उदयसिंहराव उठले, टोपी काढली, आणि म्हणाले, "आपण बसा, वहिनी."

तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग डावाकडे. तिला सगळं कळलं. "माझ्यासाठी? एवढे सगळे?" ती खुर्चीत बसली. "आमच्या सत्यनारायणाला तर निम्मेही आला नव्हतात."

कांचनबेनने हळूच विचारलं, "तो हवे घेर जईने नहावुं पडे के नहीं?" उदयसिंहरावांनी थोडा विचार करून निकाल दिला, "ज्यांनी आंघोळ केली नसेल त्यांनी करावी."

मी संधी साधून वाटी पुढे केली. "चिनी पदार्थ आहे. जोउ."

"पेज आहे."

"पेज नाही."

"रंग सोडला तर पेज आहे."

तिने चमचा तोंडात घातला. सगळी मंडळी बघत होती. मी भिंतीकडे बघत होतो, कारण आता ती तिकडे वळणार हे ठरलेलं होतं. ती वळली नाही. दुसरा चमचा गेला, तिसरा गेला. वाटी रिकामी झाल्याचा आवाज आला, आणि मला वर्तमानपत्र कुठे ठेवलं ते सापडेना.

उरलेली पेज मयताला आलेल्या लोकांनी फाफड्याबरोबर खाल्ली. संध्याकाळी डॉक्टर येऊन गेले आणि दाखल करायचं राहिलं. ते गेल्यावर मी शक्य तितक्या सहजपणे विचारलं, "म्हणजे आवडलं तर."

"छे. सगळे पांढरे कपडे घालून समोर बसलेले. मी खाल्लं नसतं तर ते उठले असते का?" ती उशीला टेकली. "कांचनबेनची ती खिचडी आहे ना, ती गरम करा थोडी."

ती तिने दोन वाट्या खाल्ली. अशा दिवशीच्या खिचडीला इतकी चव असते हे ऐकून होतो. ज्याच्यासाठी आणतात त्याने ती खाऊन सांगितल्याचा मात्र हा पहिलाच प्रसंग असावा.

दुसऱ्या दिवशी पातेलं घासून परत द्यायला गेलो. उदयसिंहरावांनी ते आतून बाहेरून नीट तपासलं.

"पुढच्या वेळी हवं असलं तर वहिनींना पाठवा," ते गंभीरपणे म्हणाले. "त्या आल्या म्हणजे त्या आहेत हे आम्हाला कळेल. आणि स्वयंपाक तुम्ही करत नाही, हेही कळेल. दोन्ही आनंदाच्याच गोष्टी."