काचेच्या बंगल्यातला गारवा

वैशाखातल्या एका गुरुवारी, भर दुपारी दोन वाजता, मोताळ्याचे भगवानराव आपल्या नव्या बंगल्यात अंगावर शाल पांघरून बसले होते. ताप वगैरे काही नव्हता. बंगला किती थंड आहे, हे मुंबईहून येणाऱ्या साहेबांना पटवून द्यायचं होतं.

बंगला त्यांच्या भाच्यानं, निवृत्तीनं बांधलेला. निवृत्ती मुंबईत घरांचे नकाशे काढणाऱ्या एका कंपनीत उमेदवारी करत होता. मामा-मामींना मूलबाळ नव्हतं. बहिणीच्या या पोरक्या पोराला त्यांनीच वाढवलं, शिकवलं. त्या उपकारांची आठवण ठेवून निवृत्तीनं मामाचं जुनं, मातीच्या धाब्याचं घर उतरवलं आणि तिथं सिमेंट-काँक्रीटचा, सपाट छताचा, एक अख्खी भिंत काचेची असलेला बंगला उभा केला. चार महिने तो स्वतः उन्हात उभा राहिला, गवंड्यांबरोबर घमेली उचलली, हातांची सालं काढून घेतली. ते हात पाहून मामी, अन्नपूर्णाबाई, पदराआड रडल्या होत्या. त्यामुळे बंगल्याला नाव ठेवणं म्हणजे पोराच्या त्या हातांना नाव ठेवणं, असं नवराबायकोनं मनोमन ठरवून टाकलं होतं.

मार्गशीर्षात वास्तुशांत झाली तेव्हा बंगला खरोखरच सुरेख वाटला. थंडीत काचेतून येणारं कोवळं ऊन अंगावर घेत गावकरी तिथंच रेंगाळले. चैत्र लागला आणि बंगल्यानं खरा स्वभाव दाखवला. काचेची भिंत मावळतीला होती. मुंबईत मावळतीला समुद्र असतो आणि वारा येतो; मोताळ्यात मावळतीला गोठा होता आणि ऊन येत होतं. काचा पक्क्या बसवलेल्या, उघडायची सोय नाही. छताला विजेच्या पंख्यांसाठी चार कड्या होत्या, पण वीज अजून मोताळ्यापासून बरीच लांब होती. अन्नपूर्णाबाईंनी त्या कड्यांना लसणाच्या जुड्या टांगल्या. देवघरात तूप थिजेनासं झालं आणि कापूर डबीतल्या डबीत उडून जाऊ लागला.

एका दुपारी भगवानराव आरामखुर्चीवर टेकले आणि टेकल्या टेकल्या उठले.

"अवं, मी जरा गोठ्यात जाऊन येतो. बैलाईकडं लई दिवसांत पाह्यलं नाई."

"मीबी येते," अन्नपूर्णाबाई लगेच म्हणाल्या. "मले म्हशीचं काम हाय."

बैलांचं आणि म्हशीचं ते काम काही संपलं नाही. हळूहळू बाजा गोठ्यात गेल्या, पाण्याचे रांजण गेले, आरसा गेला, शेवटी देवही गेले. कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या कुडाच्या भिंती, वर गवताचं जाड छप्पर आणि त्यावर कडुनिंबाची सावली. तिथं झोप अशी लागायची की सालदार गडी कडूबाला या दोघांना चहासाठी हाका मारून उठवावं लागायचं.

बंगला रिकामा पडलाय हे शेजारच्या रुक्मिणीबाईंनी बरोबर हेरलं. त्यांनी आपल्या कुरडया काचेच्या दिवाणखान्यात पसरल्या. बाहेर दोन दिवस घेणारं वाळवण आत एका दुपारी खडखडीत झालं. शिवाय कावळा नाही, माकड नाही, धूळ नाही. आठ दिवसांत सगळ्या गल्लीचे पापड, सांडगे, शेवया बंगल्यात मुक्कामाला आले. "निवृत्तीनं गावावर उपकार केले माय," असं बायका अगदी मनापासून म्हणत. भगवानराव मात्र दर पंधरा दिवसांनी भाच्याला लिहीत: 'बंगला थंडगार आहे. आम्ही उभयता सुखात आहो.'

हीच पत्रं निवृत्तीनं भोळेपणानं आपल्या कारखानीस साहेबांना दाखवली. त्याची नोकरी कायम करायची की नाही, हे साहेबांच्या हातात होतं. "वऱ्हाडात? चैत्रात? थंडगार?" साहेबांनी चष्मा पुसला आणि स्वतःच निघायचं ठरवलं. मोताळ्याला तार आली: 'गुरुवारी साहेबांसह येतो. बंगला पाहून नोकरीचा निर्णय.'

मग जी धावपळ उडाली ती उडाली. वाळवण गोळा करून मागच्या कोठीत कोंबलं. बाजा परत आल्या. देवांना आणायला मात्र वेळ उरला नाही. कडूबानं छतावर पाणी ओतलं आणि हात झटकत खाली आला.

"मालक, बारा घागरी वतल्या. पानी वरच्या वरच गायब झालं जी. ओलसुदिक नाई राह्यली."

इतक्यात मलकापूर स्टेशनावरून निघालेली बैलांची दमणी दारात थांबली. भगवानरावांनी घाईघाईनं शाल ओढून घेतली.

"या साहेब, या! दार लोटून घ्या, नाईतर गारवा बाहीर जाईन."

कारखानीस साहेब कोट-टायसह निवृत्तीबरोबर आत आले आणि उंबऱ्याच्या आत दोन पावलांवर थबकले. त्यांचा चेहरा बघता बघता लाल झाला. पण मोठा सभ्य माणूस.

"वा," ते म्हणाले. "उजेड फार छान आहे."

"उजेड त भरपूरच हाय," भगवानराव म्हणाले. त्यांच्या नाकावरून घामाचा थेंब शालीवर पडला.

"साहेब, कोट ठेवू का काढून?" निवृत्तीनं विचारलं.

"छे छे. यजमान शाल घेऊन बसलेत, आपण कोट कसा काढायचा?"

"आवो, शाल नीट घ्या," अन्नपूर्णाबाईंनी भर घातली. "कालच गारठ्यानं शिंका आल्या तुमाले."

साहेब काचेच्या भिंतीजवळ गेले. काचेला एक खोड असते: तिच्यातून सगळं दिसतं. समोर गोठा होता.

"भगवानराव, त्या गोठ्यात देव्हारा कुणाचा?"

"बैलाईचा," भगवानराव म्हणाले. "आमचे बैल लई देवभोळे हायेत."

"आणि तो आरसा?"

"म्हशीचा," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या आणि चहाच्या निमित्तानं आत पळाल्या.

निवृत्ती एकदा गोठ्याकडे आणि एकदा मामाकडे पाहू लागला. भगवानराव त्याची नजर चुकवत होते. नोकरी पोराची होती आणि ती या शालीवर टांगलेली होती. तेवढ्यात मागच्या दारानं रुक्मिणीबाई आल्या. कमरेवर कुरडयांची टोपली, बगलेत धुतलेलं धोतर. पाहुण्यांची बातमी त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

"अन्नपूर्णाबाई, आज जागा रिकामी दिसून राह्यली वं!" त्यांनी धोतर पसरलंसुद्धा. "पाव्हने, पाय जरासे तिकडं घ्या."

साहेबांनी पाय तिकडे घेतले. "किती वेळात वाळतात या?"

"तुमचा चहा होईस्तोवर. अख्ख्या जिल्ह्यात अशी भट्टी नाई, साहेब. निवृत्तीले माहा आशीर्वाद हाय."

निवृत्तीचा चेहरा पडला. भगवानरावांनी शेवटची धडपड केली.

"त्याचं काय हाय साहेब, आमच्या इकडच्या कुरडया लवकर वाळनाऱ्या जातीच्या हायेत."

साहेबांनी रुमालानं मान पुसली आणि गंभीरपणे म्हणाले, "घराचा मालक इतका समाधानी मी पहिल्यांदाच पाहतोय. भगवानराव, कंपनीतर्फे तुम्हाला एक भेट. तो गवताचा गोठा पाडून टाकू आणि तिथं असाच नवा बांधून देऊ. सपाट छत, मावळतीला काच. काम निवृत्तीच करील."

दारात उभ्या कडूबाच्या हातून तांब्या पडला. भगवानराव ताडकन उठले. शाल खाली पडली. आत नुसती घामानं चिंब बंडी होती.

"नाई साहेब! आमचं ठीक हाय. पोरानं हाताचे सालं काढून बांधलं, आमी मरस्तोवर त्याले थंडच म्हनू. पन बैलाईले कायले शिक्षा? त्याईले कोनाचं मन राखाचं नाई!"

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांना कळलं. ते मटकन खुर्चीत बसले, आणि खुर्ची तापलेली असल्यानं पुन्हा उठले.

"मामा, मले सांगतलं काऊन नाई?" निवृत्तीनं विचारलं.

"कसं सांगू बे? लहानपनी मामीची करपलेली भाकर तू गोड हाय म्हनून खात होता. तवा तू सांगतलं का?"

साहेबांनी कोट काढला. टाय काढला. बुटांकडेही हात नेला.

"माझ्या मुंबईच्या बंगल्याची भिंतही काचेचीच आहे," ते म्हणाले. "माझी आई दोन वर्षं मोटारीच्या गॅरेजात बसते. विचारलं की म्हणते, मला मोटार आवडते. मी आजपर्यंत खरं मानत होतो." त्यांनी कोट हातावर टाकला. मग म्हणाले, "चला, गोठ्यात चला."

गोठ्यात साहेब रांजणातलं तीन तांबे पाणी प्यायले आणि कडूबाच्या बाजेवर पडल्या पडल्या घोरायला लागले. चारच्या सुमारास उठून त्यांनी कडूबाला छपराची जाडी विचारून घेतली, मग पिशवीतून कंपनीचा छापील कागद काढला. मालकाचा अभिप्राय त्यावर हवा होता. निवृत्ती खुंट्याजवळ उभा होता. नोकरी गेली असं तो धरूनच चालला होता. भगवानरावांनी टाक हातात घेतला, बराच वेळ विचार केला, आणि लिहून दिलं. साहेबांनी मोठ्यानं वाचलं:

"बंगला तापतो. ज्याने बांधला तो मुलगा मात्र आमच्या डोक्यावरची सावली आहे. त्याला दूर करू नये."

साहेबांनी त्याखाली सही केली. "काँक्रीटवर सावली कशी करायची ते मी याला शिकवीन, नाहीतर कडूबा मला शिकवील. पण ज्याच्यासाठी कुणी वैशाखात शाल पांघरतं, असा माणूस मी सोडणार नाही. निवृत्ती, तू कायम झालास."

 निवृत्ती बैलाच्या पाठीवरून हात फिरवत तोंड फिरवून उभा राहिला. अन्नपूर्णाबाई जवळ गेल्या.

"काऊन रे, डोळ्यात काय गेलं?"

"घाम गेला, मामी," निवृत्ती म्हणाला. "इथं लई गरम होऊन राह्यलं."

छपराखालून गार वारा वाहत होता. अन्नपूर्णाबाईंनी कोपऱ्यातला विंझणा घेतला आणि त्याला वारा घालू लागल्या.