शवपेटीतली नारिंगी जर्सी

काझ प्रूसाकला शवपेटीत भलतीच जर्सी घातली आहे, हे सगळ्यांत आधी मिसेस डोम्बेक यांच्या लक्षात आलं. गुरुवारी दुपारी दोनच्या ठोक्याला त्या पेटिबोन यांच्या अंत्यविधीगृहात हजर होत्या, कारण पोर्ट वेल्टनमध्ये अंत्यदर्शन कोणाचंही असो, रांगेत पहिला नंबर मिसेस डोम्बेक यांचाच असतो. त्यांनी गुडघे टेकले, क्रूसाची खूण केली, डोळे मिटून अर्धी प्रार्थना म्हटली आणि डोळे उघडून पाहतात तर काझच्या अंगात नारिंगी जर्सी. उरलेली अर्धी प्रार्थना तशीच राहिली.

माणसाला जर्सीत पुरणं यात आमच्याकडे विशेष काही नाही. निम्मं गाव सुटात जातं, निम्मं जर्सीत. पण ती आपल्या टीमची, म्हणजे निळी असते. नारिंगी जर्सीवाले सरोवराच्या काठानं दोन तास पूर्वेला राहतात आणि आमचे आजोबा त्यांच्याविषयी जे बोलत, ते इथे लिहिता येण्यासारखं नाही. त्यात ही जर्सी साधीसुधी नव्हती, टॉलिव्हरची होती.

गेल्या एप्रिलमध्ये अमेरिकन फुटबॉलचा ड्राफ्ट झाला, म्हणजे कॉलेजातून बाहेर पडलेली पोरं सगळ्या टीमांनी पाळीपाळीनं उचलली. आमची पाळी दुसरी होती. आम्हाला क्वार्टरबॅक हवा होता, कारण चेंडू फेकणारा धड नसेल तर बाकीच्या दहा जणांनी नुसतं चिखलात लोळायचं असतं. समोर दोन पोरं होती. आम्ही कोल्टर रीव्हला उचललं. जमाल टॉलिव्हर सातव्या पाळीला नारिंगीवाल्यांकडे गेला. ऑगस्टमध्ये सगळं गाव म्हणत होतं की रीव्हच भारी. सप्टेंबरात गाव जरा गप्प झालं. ऑक्टोबर संपताना रीव्हच्या नावावर अकरा टचडाऊन, म्हणजे गुण मिळवून देणारे पास, होते आणि सतरा वेळा त्यानं चेंडू नेमका समोरच्यांच्या हातात दिला होता. तेव्हा गावात त्याची बाजू घेणारा एकच माणूस उरला, तो म्हणजे काझ.

आणि टॉलिव्हरची बाजू पहिल्या दिवसापासून घेणारा माणूसही एकच होता. तो नॉर्बर्ट, काझच्या बायकोचा सख्खा भाऊ. दोघांनी पोलाद कारखान्यात एकाच भट्टीवर एकेचाळीस वर्षं काढली होती. निवृत्तीनंतर नॉर्बर्ट रोज संध्याकाळी पाच वाजता बहिणीच्या घरी यायचा, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचा आणि वादाला सुरुवात व्हायची. 'कसा आहेस' असं त्या दोघांनी एकमेकांना उभ्या जन्मात विचारलं नसेल.

"त्याच्या पुढची फळी बघ ना," काझ म्हणायचा. "पोराला उभं राहायला दोन सेकंद मिळत नाहीत. सरोवरावरचा वारा बघ. पकडणाऱ्यांच्या हाताला तर लोणी लावलंय."

"वारा टॉलिव्हरलाही लागतो," नॉर्बर्ट म्हणायचा. "त्याचं सरोवर काय वेगळंय?"

ऑगस्टमध्ये दोघांनी पैज लावली होती. हंगाम संपेल तेव्हा ज्याचं पोरगं मागे असेल, त्यानं दुसऱ्याच्या पोराची जर्सी घालून रविवारी चर्चमध्ये मिस्साला यायचं आणि सगळ्यांसमोरून वेदीपर्यंत चालत जायचं. नोव्हेंबरात नॉर्बर्टनं काझच्या मापाची टॉलिव्हरची जर्सी विकत आणून बहिणीच्या घरी ठेवलीसुद्धा. "असू दे. लागेलच," म्हणाला. हंगामाचे दोन सामने उरले असताना सोमवारी पहाटे इस्पितळात काझचं हृदय थांबलं. पैज तशीच लोंबकळत राहिली.

आता ही नारिंगी जर्सी. मिसेस डोम्बेक यांनी मागे वळून कारखान्यातल्या जुन्या मंडळींना हळूच सांगितलं. ती मंडळी टोप्या हातात धरून गंभीरपणे पेटीपाशी आली, बराच वेळ खाली बघत उभी राहिली, आणि रांग थांबली.

"काझ फिरला," एक जण म्हणाला.

"मरताना माणूस खोटं बोलत नाही," दुसरा म्हणाला. "शेवटी कळलं असणार बिचाऱ्याला."

"पण मग रीव्हच्या बाजूनं राहिलं कोण?"

पेटीच्या डोक्याशी उभं राहून त्यांनी दोन्ही पोरांचे सगळे सामने एकेक करून तपासायला घेतले. आवाज अर्थातच खाली ठेवले होते. अडीच वाजता रांग दाराबाहेर, तीन वाजता पार गाड्या लावायच्या जागेपर्यंत गेली. बाहेर बर्फात उभे असलेले लोक आत काय झालं विचारत होते आणि आतून निरोप येत होता की काझनं टॉलिव्हरला मत दिलं. गावच्या न्हाव्यानं तिथूनच दुकानात फोन करून काचेवरचं रीव्हचं चित्र उतरवायला सांगितलं. उद्याचा उपदेश करणारे फादर लॅडिस एका कोपऱ्यात वही काढून बसले. त्यांनी 'श्रमाचं मोल' हा विषय खोडला आणि 'आपली चूक मान्य करण्याचं धैर्य' असं लिहिलं.

नॉर्बर्ट सव्वातीनला आला. तो उद्याच्या जेवणाचे हॅम आणायला गेला होता. दारातच चौघांनी त्याचा हात हातात घेतला. "नॉर्बर्ट, वाईट झालं," ते म्हणाले, आणि मग आवाज आणखी खाली आणून, "पण जिंकलास हं."

नॉर्बर्टला काही कळेना. तो पुढे गेला आणि त्यानं पेटीत पाहिलं. ऑगस्टपासून ज्या जर्सीत काझला बघायची त्याची इच्छा होती, ती आता काझच्या अंगात होती. हातात जपमाळ होती, गाल लालसर रंगवलेले होते, आणि काझ एक शब्द बोलत नव्हता. असं जिंकायचं नव्हतं नॉर्बर्टला.

"हे कोणी केलं?" त्यानं विचारलं.

काझची बायको लॉरेन पहिल्या खुर्चीत काळे हातमोजे घालून बसली होती. "मी दिली ती जर्सी," ती म्हणाली. "नॉर्बी, इकडे बस. मला तुला—"

"अगं, चुकून दिलीस तू! ही माझी. म्हणजे मी आणलेली. त्याची निळी कुठाय?"

"निळी धुवायला टाकलीय. पण ऐक तर—"

"तुझी चूक नाही गं. तुला काय कळतं फुटबॉलमधलं? कोरी दिसली, घडी केलेली होती, दिलीस. कोणीही देईल." त्यानं तिचा खांदा थोपटला आणि तो पेटिबोन यांच्या ऑफिसात शिरला.

पेटिबोन हे हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "बदलता येईल हो," ते म्हणाले. "म्हणजे तसं कठीण नाही. आम्ही कपडे मागून कापतो, पार गळ्यापासून खालपर्यंत. मग पुढून चढवतो आणि कडा अंगाखाली खोचतो. तुम्ही निळी आणा, मी तीही कापतो. फक्त मिसेस प्रूसाक यांची सही लागेल."

"कापलीत? मागून?"

"नावाच्या बरोबर मधून. एका बाजूला 'टॉल' राहिलं, दुसऱ्या बाजूला 'इव्हर'."

इतर कोणत्याही दिवशी नॉर्बर्टला हे ऐकून हसू आलं असतं. पण लॉरेननं सहीला नकार दिला. "जे घातलंय ते राहू दे," ती म्हणाली. नॉर्बर्टला वाटलं, बाई दुःखानं भांबावली आहे, तिला आणखी त्रास नको. तो पेटीपाशी परत आला. तिथे मंडळी रीव्हच्या एकोणसाठ टक्के आणि टॉलिव्हरच्या अडुसष्ट टक्के पोचलेल्या पासांचा हिशेब करत होती.

"तो फिरला नव्हता," नॉर्बर्ट मोठ्यानं म्हणाला. सगळे वळले. "घरात घोटाळा झालाय. काझ शेवटपर्यंत रीव्हचाच होता. आणि बरोबर होता!"

"तू म्हणतोस हे?" न्हावी म्हणाला. "तू?"

"मी म्हणतो! त्याच्या पुढची फळी बघा ना. पोराला दोन सेकंद मिळत नाहीत उभं राहायला."

"अरे, तूच म्हणायचास की टॉलिव्हरलाही—"

"वारा बघा!" नॉर्बर्टचा आवाज फाटला. "सरोवरावरचा वारा काय असतो ते तुम्हाला माहीत नाही का? पकडणाऱ्यांच्या हाताला लोणी लावलंय सगळ्यांच्या!" आणि रुमालात तोंड खुपसून तो रडायला लागला. त्याला खुर्चीवर बसवून पाणी दिलं. काझची एकूण एक वाक्यं त्याला तोंडपाठ होती, हे तोवर कोणालाच ठाऊक नव्हतं, बहुतेक त्यालाही.

शुक्रवारी सकाळी दहाला मिस्सा होती. पेटी उचलणाऱ्या सहा जणांपैकी पाच काळ्या सुटात आले. सहावा नॉर्बर्ट. त्यानं पहाटे बहिणीच्या मागच्या दारानं आत शिरून कपड्यांच्या ढिगातून रीव्हची निळी जर्सी शोधून काढली होती आणि शर्ट-टायवरून ती चढवली होती. काझ सहा फूट तीन इंच, नॉर्बर्ट पाच फूट सहा इंच. जर्सी गुडघ्यापर्यंत आली होती आणि पोटावर मोहरीचा डाग होता. कोणी हसलं नाही. पेटीबरोबर तो सगळ्या चर्चसमोरून वेदीपर्यंत चालत गेला, नजर सरळ, हनुवटी वर. पैज हरलेल्यानं कसं चालायचं असतं, ते त्यानं अख्ख्या गावाला दाखवलं.

त्यामुळे फादर लॅडिस यांची मात्र पंचाईत झाली. उपदेश एका पश्चात्ताप झालेल्या माणसासाठी लिहिलेला होता आणि समोर दोन होते, एक पेटीत आणि एक पहिल्या बाकावर, आणि दोघांना पश्चात्ताप उलट्या दिशांनी झाला होता. "आपला बंधू काझिमिर यानं अखेरच्या क्षणी सत्य ओळखलं," ते म्हणाले, मग निळ्या जर्सीकडे बघून थांबले. "आणि सत्य," ते चाचपडत म्हणाले, "सत्य नक्की काय, हे हंगामाच्या शेवटीच कळतं." आमच्या चर्चमध्ये उपदेशाला इतक्या एकमतानं माना यापूर्वी कधी डोलल्या नव्हत्या. न्हाव्यानं परत येताना रीव्हचं चित्र पुन्हा लावावं का, असं दोघांना विचारून ठेवलं.

दफन झालं. लोक हॉलमध्ये हॅम आणि पिरोगी, म्हणजे सारण भरलेल्या पोलिश करंज्या, खायला गेले. लॉरेन आणि नॉर्बर्ट तिच्या गाडीत हीटर लावून बसले. नॉर्बर्टच्या अंगात अजून ती जर्सी होती.

"आता तरी ऐकशील?" लॉरेन म्हणाली.

"बोल."

"ती जर्सी मी चुकून नाही दिली."

नॉर्बर्टनं हीटरचा आवाज कमी केला.

"रविवारी इस्पितळात मॅच लागली होती. रीव्हनं तिसऱ्यांदा चेंडू समोरच्यांना दिला, तेव्हा काझनं टीव्ही बंद करायला लावला. मला म्हणाला, 'लॉरेन, नॉर्बीचं बरोबर आहे. टॉलिव्हरच भारी. ऑक्टोबरपासून माहितीय मला.' मी म्हटलं, बोलावते त्याला, सांग तुझ्या तोंडानं. तर म्हणाला, 'वेडी झालीस का? मरेपर्यंत ऐकवेल मला. त्यापेक्षा मेल्यावर मला ती नारिंगी घाल. त्याला दिसेल. आणि तो काय बोलेल ते मला ऐकायला लागणार नाही.'"

नॉर्बर्ट समोरच्या काचेतून बघत राहिला. बाहेर दोन माणसं फावड्यांनी माती सारखी करत होती.

"ऑक्टोबरपासून माहीत होतं?" तो म्हणाला.

"ऑक्टोबरपासून."

"मग डिसेंबरपर्यंत भांडत कशाला होता माझ्याशी?"

"तू रोज पाचला यायचास म्हणून," लॉरेन म्हणाली. "वाद मिटला असता तर काय करायला आला असतास?"

नॉर्बर्टनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. लॉरेननं हातमोजे काढले, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. त्याला सावरायला वेळ लागला. मग त्यानं नाक पुसलं, जर्सी गुडघ्यांवर नीट ओढून घेतली आणि खाकरला.

"चुकलंच त्याचं," तो म्हणाला. "एवढ्यात हार मानायची नव्हती. रीव्हला अजून दोन वर्षं द्यायला हवीत."

लॉरेननं गाडीची किल्ली फिरवली. "दोन वर्षं? नॉर्बी, तो पोरगा चेंडू हातात धरून विचार करत बसतो. मैदान आहे ते, वाचनालय आहे का? टॉलिव्हर बघ, पहिली नजर गेली की चेंडू सुटलेला असतो. एवढी वर्षं मी त्या स्वयंपाकघरात नुसते बटाटेच सोलत होते असं वाटलं का तुला?"

नॉर्बर्टनं मान वळवून बहिणीकडे नीट पाहिलं.

"पण त्याच्या पुढची फळी—" तो म्हणाला.

"आत्ता नको," लॉरेन म्हणाली. "लोक खोळंबलेत तिकडे. उद्या पाचला ये."